तारांबळ : बँजोच्या गुरूंबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात मी सहज लिहून गेले होते, ‘बँजो घेण्याआधी शिकवणारा शोधा.’ त्यावर इतकी पत्रं आली की या वेळी घोडी, खुंट्या आणि कातड्याच्या ताणाचे प्रश्न बाजूला ठेवलेत. नव्या वाचकांसाठी एवढंच सांगते, की हा बँजो म्हणजे अमेरिकेतलं पाच तारांचं, कातडं ताणलेलं वाद्य. त्याच्या दोन शैली या पत्रांत येतात: ब्लूग्रास तीन बोटांनी वाजवतात, आणि जुन्या ओल्ड-टाइममधला क्लॉहॅमर नख वरून खाली मारून. मी १९९३ पासून व्हर्जिनियात, गेलॅक्सपासून अर्ध्या तासावर राहते. नवऱ्याच्या नोकरीपायी इथे आले आणि शेजारच्या ओसरीवरून येणाऱ्या आवाजात अडकले. लहानपणी सतार शिकले होते. वाईट वाजवायचे.

प्रश्न : वय ४४. आठ महिने व्हिडिओ बघून ब्लूग्रास बँजो शिकतोय. घरी एकटा असलो की ‘फॉगी माउंटन ब्रेकडाउन’ बऱ्यापैकी वेगात वाजतं. गेल्या महिन्यात पहिल्यांदा जॅमला, म्हणजे सगळ्यांनी मिळून वाजवायच्या बैठकीला गेलो आणि दोन ओळींतच मागे पडलो. नंतर नुसता मांडीवर बँजो घेऊन बसलो होतो. आता शिक्षक शोधायचाय. तो अनुभवी आहे हे ओळखायचं कसं? किती वर्षं वाजवतोय ते विचारू का? (एक वाचक, शार्लट)

उत्तर : वर्षं विचारू नका. चाळीस वर्षं वाजवणारा माणूस चाळीस वर्षं स्वतःपुरतंच वाजवत आलेला असू शकतो. त्याच्याकडे शिकलेली माणसं आज कुठे वाजवतात ते विचारा. त्याहून सोपं म्हणजे ऑगस्टात गेलॅक्सला या. इथलं ओल्ड फिडलर्स कन्व्हेन्शन १९३५ पासून भरतंय. स्टेजवरची स्पर्धा राहू दे, फेल्ट्स पार्कात तंबूंच्या आणि ट्रेलरांच्या मधून फिरा. कुणाचा हात आवडला तर गाणं संपू द्या आणि विचारा, ‘तुम्हाला कोणी शिकवलं?’ माणसं आनंदाने सांगतात. तीन ठिकाणी एकच नाव ऐकू आलं तर फोन करा.

पहिल्या तासाला तो तुम्हाला काहीतरी वाजवायला सांगेल. तेव्हा त्याची नजर कुठे आहे ते बघा. नवखा शिक्षक डाव्या हाताकडे बघतो, कारण चुका तिथे दिसतात. मुरलेला उजव्या हाताकडे बघतो, आणि काही जण तर डोळे मिटून नुसते ऐकतात. १९४५ च्या डिसेंबरात बँजोवादक अर्ल स्क्रग्ज बिल मन्रोंच्या ब्लू ग्रास बॉइज या बँडमध्ये आले आणि लोकांनी आ वासला, तो त्या उजव्या हातामुळे. तीन बोटांनी वाजवणारे नॉर्थ कॅरोलिनात त्यांच्याआधीही होते, स्नफी जेंकिन्स त्यांतलेच. पण अंगठा, तर्जनी आणि मधलं बोट यांचा तो अखंड रोल, त्यातला प्रत्येक स्वर सुटा आणि तरी गाण्याची चाल वर तरंगणारी, हे स्क्रग्जनी बसवलं. फॉरवर्ड रोलमध्ये आठ स्वर तीन-तीन-दोन असे पडतात. ज्यांनी घरात तबला ऐकलाय त्यांना यातली गंमत लगेच कळेल. हे वजन बोटांत उतरलं नसेल तर वेग म्हणजे उतारावरची ब्रेक नसलेली सायकल, आणि जॅममध्ये तुमचं तेच झालं.

तुमचं दुखणं मात्र आणखी एक आहे, आणि व्हिडिओतून ते दिसत नाही. सहा जण गोल करून बसले की तुमची पाळी सहातून एकदा येते. उरलेल्या पाच वेळा बँजोने काय करायचं? कॉर्ड पकडायची, दुसऱ्या आणि चौथ्या ठोक्यावर छेडायची आणि लगेच बोटं सैल सोडून आवाज तोडायचा. याला व्हॅम्पिंग म्हणतात. जो शिक्षक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात हे शिकवायला घेतो आणि गिटारवाल्याच्या डाव्या हाताकडे बघून कॉर्ड ओळखायला लावतो, त्याने माणसांत बसून वाजवलंय असं समजा. बँजो वाजवणारे आणि शिकवणारे पीट वर्निक यांचं उदाहरण घ्या. कोलंबिया विद्यापीठाची समाजशास्त्राची पीएच.डी. असल्यामुळे सगळे त्यांना ‘डॉ. बँजो’ म्हणतात. नवशिक्याला सुरुवातीपासूनच दोन-तीन कॉर्डच्या गाण्यांवर, सावकाश, दुसऱ्यांबरोबर वाजवू द्या, हे त्यांनी वर्षानुवर्षं लावून धरलंय. माझ्या मते बँजो शिकवण्यातलं हे सगळ्यात शहाणं काम आहे.

टॅबबद्दल, म्हणजे कुठली तार आणि कुठला पडदा हे आकड्यांत लिहिलेल्या कागदाबद्दल, तुम्ही विचारलं नाहीत, पण पुढचा प्रश्न तोच असणार. स्क्रग्जच्या स्वतःच्या १९६८ च्या पुस्तकात टॅब आहेत. उलट मर्फी हेन्री यांनी आपली शिकवण्याची सगळी पद्धत टॅबशिवाय, कानावर उभी केली. दोन्हीकडून चांगले वादक निघालेत. मी स्वतः वर्षभर कागदावरून वाजवत होते. एकदा चर्चच्या तळघरातल्या कार्यक्रमात पंख्याच्या वाऱ्याने कागद उडाला आणि माझं गाणं तिथेच थांबलं. पुढचा स्वर कुठला, याची मला खरोखरच कल्पना नव्हती. गिटारवाला बिचारा एकच कॉर्ड वाजवत माझी वाट बघत राहिला. तेव्हा दर आठवड्याला नवा टॅब हातात ठेवणाऱ्यापासून जरा जपून.

आणि ‘ब्रेकडाउन’ तूर्त पेटीत ठेवा. ते १९४९ साली रेकॉर्ड झालं तेव्हा स्क्रग्जच्या मागे कितीतरी वर्षांचं रेडिओवरचं वाजवणं होतं. तुमच्यामागे आठ महिने आहेत.

प्रश्न : ओल्ड-टाइम क्लॉहॅमर शिकायला एका ७८ वर्षांच्या गृहस्थांकडे जाते. ते टॅब देत नाहीत. एकच गाणं वीस-वीस वेळा वाजवतात आणि म्हणतात, ‘ये मागून.’ अर्धा तास गोष्टींत जातो. मी तासाला चाळीस डॉलर देते. ते मला शिकवताहेत की माझ्याशी गप्पा मारताहेत? (एक वाचिका, कोलंबस, ओहायो)

उत्तर : बाई, वीस वेळा वाजवण्याचं आधी बघू. ओल्ड-टाइममध्ये पाळीपाळीने एकट्याने वाजवणं नसतं. फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बँजो, गिटार सगळे एकदमच एक चाल वाजवतात, ए भाग दोनदा, बी भाग दोनदा, आणि पुन्हा पहिल्यापासून. दहा मिनिटंसुद्धा चालतं. ही नाचाची गाणी आहेत आणि नाचणारे दमेपर्यंत ती थांबत नसत. म्हणजे वीसदा वाजवून ते टाळाटाळ करत नाहीयेत. सातव्या फेरीत हात सैल पडतो, बाराव्या फेरीत कान उघडतात. तुम्ही तिसऱ्या फेरीलाच घड्याळ बघत असाल तर तिथे मी तुमच्या बाजूने नाही.

आता गोष्टींचं. नॉर्थ कॅरोलिनात माउंट एअरीला लागून टोस्ट नावाचं गाव आहे. तिथे टॉमी जॅरल (१९०१–१९८५) राहायचे. नोकरी राज्याच्या रस्ते खात्यात, मोटर ग्रेडर चालवण्याची. निवृत्तीनंतर देशभरातून तरुण पोरं फिडल-बँजो शिकायला त्यांच्या घरी यायची, मुक्काम टाकायची. शिकवणी अशी नव्हतीच. जेवण, गप्पा, वाजवणं, पुन्हा गप्पा. १९८२ साली त्यांना लोककलावंतांसाठीची नॅशनल हेरिटेज फेलोशिप मिळाली. तसेच त्याच राज्यातल्या मेबनचे जो थॉम्पसन, कृष्णवर्णीय फिडलवादक. त्यांना बँजोची साथ करणारे चुलतभाऊ ओडेल १९९४ मध्ये गेले आणि ती खुर्ची रिकामी पडली. २००५ साली बूनला ब्लॅक बँजो गॅदरिंग भरलं. त्यानंतर रिआनन गिडन्स, डॉम फ्लेमन्स आणि जस्टिन रॉबिन्सन ऐंशी ओलांडलेल्या जोंच्या घरी नेमाने जाऊन बसू लागले. ‘कॅरोलिना चॉकलेट ड्रॉप्स’ हा त्यांचा बँड तिथून घडला. तिथे बँजो शिकायचा तो फिडलच्या मागे मागे जाऊन.

माझे गुरुजी फर्निचरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. इथल्या रिवाजाप्रमाणे मी त्यांना नावामागे ‘मिस्टर’ लावून हाक मारायचे. क्लॉहॅमरमध्ये बोटाचं नख वरून खाली तारेवर पडतं, आणि त्याच झटक्यात अंगठा पाचव्या तारेवर टेकायला हवा, ती वाजवायची असो वा नसो. माझा अंगठा हवेत लोंबकळायचा. पाच आठवडे एकच गाणं. सहाव्या आठवड्यात त्यांनी बँजो खाली ठेवला आणि एका बाईची गोष्ट सांगितली. ती बुटांना लोखंडी टाचा ठोकून फ्लॅटफूट नाचायची, आणि तिची टाच जमिनीवर पडली की सगळा बँड तिच्या मागे जायचा. मग म्हणाले, ‘तुझा अंगठा पाहुण्यासारखा येतो. बसतच नाही.’ त्या दिवशी घरी येताना गाडीच्या स्टिअरिंगवर मी टाच आणि अंगठा वाजवत आले, आणि पुढच्या आठवड्यात अंगठा बसला.

तेव्हा कसोटी एवढीच, की गोष्ट संपल्यावर तुमचा हात थोडा तरी बदलतो का? बदलत असेल तर चाळीस डॉलर स्वस्त आहेत. नुसती करमणूक होत असेल तर तासाच्या सुरुवातीलाच गोड बोलून सांगा, ‘आज मला बी भाग घेऊनच जायचंय.’ परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्डही करा.

एक मात्र मोकळेपणाने कबूल करते. माझ्या गुरुजींना सावकाश वाजवताच यायचं नाही. वेग कमी केला की त्यांचा हात अडखळायचा, आणि बोटं काय करतात ते त्यांना शब्दांत सांगता यायचं नाही. मला दुसऱ्या एका बाईंकडे जाऊन तेच गाणं तुकडे करून शिकावं लागलं. मोठा वादक आणि चांगला शिक्षक एकाच देहात सापडला तर नशीब. नाही सापडला तर दोघांकडे जा.

प्रश्न : मुलगी दहा वर्षांची. ब्लूग्रास आधी की ओल्ड-टाइम? (एक वाचक, रॅले)

उत्तर : तिला जे ऐकून नाचावंसं वाटतं ते. वजनाचा विचार करा. मागे रेझोनेटर (आवाज पुढे फेकणारं लाकडी झाकण) आणि आत जड टोन रिंग (धातूचं कडं) असलेला ब्लूग्रास बँजो पाच किलोच्या आसपास जातो. मागून उघडा, साधा ओपन-बॅक त्याच्या निम्म्याहून हलका मिळतो. डोंगराकडच्या काउंट्यांत शाळा सुटल्यावर ज्युनिअर अपालाचियन म्युझिशियन्सचे वर्ग असतात (सुरुवात २०००, अ‍ॅलेगनी काउंटी). तुम्ही लांब आहात, पण तिथे मुलं मुलांच्या घोळक्यात शिकतात ही गोष्ट उचलण्यासारखी आहे. एकट्या मुलाला अर्धा तास खुर्चीत बसवणारा शिक्षक शोधू नका.

प्रश्न : मी डावखुरा. शिक्षक म्हणतात, उजव्यानेच शीक. (एक वाचक, अटलांटा)

उत्तर : त्यांनी कारण सांगितलं का? पाचव्या तारेची खुंटी बँजोच्या दांडीच्या कडेला, पाचव्या पडद्यापाशी असते. त्यामुळे नुसत्या तारा उलट्या लावून भागत नाही, दांडीच वेगळी लागते. म्हणजे वाद्यं कमी, आणि जॅममध्ये दुसऱ्याचा बँजो हातात घेता येणार नाही. हे ऐकूनही डावाच हात पुढे येत असेल तर डावा बँजो घ्या आणि हट्ट न करणारा शिक्षक बघा.

प्रश्न : आईला सांगितलं बँजो शिकते, तर ती म्हणाली, ‘मिरवणुकीतला बेंजो?’ काय सांगू? (एक वाचिका, न्यू जर्सी)

उत्तर : माझ्याही आईने हेच विचारलं होतं. त्या बेंजोला बटणं असतात आणि तो बुलबुलतरंगाच्या घरातला. हा वेगळा. सेनेगल-गांबियाकडच्या जोला लोकांचं अकोंटिंग नावाचं वाद्य आहे. भोपळ्यावर कातडं, तीन तारा, त्यातली एक आखूड, ती अंगठ्याने वाजवायची, आणि बाकीच्यांवर नख वरून खाली मारायचं. बँजो अशाच वाद्यांच्या वंशातला. गुलाम करून आणलेल्या आफ्रिकी माणसांनी तो इकडे घडवला. एकोणिसाव्या शतकात त्याला रंगमंचावर गाजवणारा गोरा वादक जोएल स्वीनी व्हर्जिनियात अ‍ॅपोमॅटॉक्सकडचा. तो कृष्णवर्णीय वादकांकडून शिकला असं सांगतात. त्या शिक्षकांची नावं कोणी लिहून ठेवली नाहीत, याचा मला आजही राग येतो. आईंना फोनवर नुसती पाचवी तार ऐकवा. सतारीची चिकारी ऐकली असेल तर त्या लगेच ओळखतील.

प्रश्न : तीन वर्षं एका शिक्षकांकडे ब्लूग्रास शिकलो. माणूस देवासारखा. पण मन क्लॉहॅमरकडे ओढतंय आणि ते त्यांना येत नाही. सोडतोय असं सांगायला जीभ रेटत नाही. दोन महिने नुसत्या सबबी देतोय. (एक वाचक, नॅशव्हिल)

उत्तर : सबबी आधी बंद करा, त्यांना कळल्यात. ज्याने शेकडो हात घडवलेत त्याला दारातून आत येणाऱ्या माणसाची चालही कळते. बँजोवादक बेला फ्लेक टोनी ट्रिश्कांकडे शिकले, पुढे आपल्या वाटेने कुठल्या कुठे गेले, आणि नंतर त्याच ट्रिश्कांबरोबर वाजवायला बसले. या वाद्यात असं जाणं-येणं जुनं आहे. शेवटचा एक तास ठरवून घ्या, त्याचे पैसे द्या, आणि त्यांना विचारा, ‘आता मी कोणाकडे जाऊ?’ हे विचारायला लाजू नका. गावातला कुठला शिक्षक खरा आणि कुठला नुसता बोलका, हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार?

मी उलट्या दिशेने गेले होते, क्लॉहॅमरकडून तीन बोटांच्या रोलकडे. गुरुजींना सांगताना माझा चेहरा पडला होता. ते उठले, वीजबिलाच्या पाकिटावर एक नाव आणि फोन नंबर लिहिला आणि माझ्या हातात दिला. म्हणाले, ‘त्याला सांग, अंगठा मी बसवलाय. त्याला हात लावू नकोस म्हणावं.’