घरातला मनीप्लांट: वाचकांचे प्रश्न

मनीप्लांटबद्दल आलेल्या पत्रांतले पाच प्रश्न या वेळी घेतले आहेत. बोअरचं जड पाणी, काळी माती आणि मार्च ते जूनचा कोरडा उकाडा, या आपल्याकडच्या गोष्टी धरूनच उत्तरं दिली आहेत.

प्रश्न: हॉलमधल्या मनीप्लांटची पानं महिनाभरापासून एकामागून एक पिवळी पडून गळताहेत. माती शेतातली, चांगली काळी आहे. पाणी रोज न चुकता घालतो. खत कमी पडतंय का? (लातूर)

खताचा दोष दिसत नाही. रोजचं पाणी आणि काळी माती ही जोडी मुळांना गुदमरवते आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि तिच्यातल्या हवेच्या जागा बंद होतात. शेतात निदान खाली निचरा होतो, वरून ऊन-वारा लागतो. घरातल्या कुंडीत यातलं काहीच नसतं. वाफसा, म्हणजे माती ओलसर पण मोकळी आणि आत हवा खेळती, आल्याशिवाय आपण शेतात पाऊल टाकत नाही. कुंडीतल्या मुळांनाही वाफसाच लागतो. तो मिळाला नाही की मुळं कुजतात, कुजलेली मुळं पाणी ओढत नाहीत, पानं मलूल होतात आणि झाड तहानलंय असं समजून आपण आणखी पाणी ओततो.

आधी झाड कुंडीतून अलगद काढा आणि माती झटकून मुळं पाहा. निरोगी मूळ पांढरट, घट्ट असतं. कुजलेलं तपकिरी होतं, चिमटीत धरून ओढलं की त्याची साल निसटून हातात येते आणि आत दोऱ्यासारखी शीर उरते, वासही येतो. असं प्रत्येक मूळ स्वच्छ कात्रीनं काढून टाका. मग दोन भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत आणि एक भाग धुतलेली जाड वाळू असं मिश्रण करा. शेतातली माती वापरायचीच असेल तर एकूण मिश्रणाच्या पाव हिश्श्याच्या वर नको. कुंडी उरलेल्या मुळांच्या मापाची, जेमतेम इंचभर मोठी घ्या. मोठ्या कुंडीत ओल जास्त दिवस साचून राहते.

तळाशी खडीचा थर देऊ नका. पाणी खडीत उतरायच्या आधी तिच्या वरच्या मातीतच अडून राहतं, म्हणजे ओला भाग मुळांच्या आणखी जवळ येतो. माती वाहून जाऊ नये म्हणून भोकावर एक खापरी पुरे.

पुढे पाणी वार बघून घालू नका, बोट घालून बघा. वरची इंच-दीड इंच माती कोरडी लागली की भोकातून बाहेर येईपर्यंत द्या आणि अर्ध्या तासानं ताटलीतलं पाणी फेकून द्या. अंदाज म्हणून सांगायचं तर उन्हाळ्यात तीन-चार दिवसांनी आणि पावसाळ्यात आठ-दहा दिवसांनी वेळ येते. मातीची कुंडी प्लास्टिकपेक्षा लवकर सुकते, हेही धरा. नवीन पान फुटेपर्यंत खत बंद. नंतर जून ते सप्टेंबर महिन्यातून एकदा १९:१९:१९ हे विद्राव्य खत लिटरला १ ग्रॅम एवढंच द्या.

बुडाचं एखादं जुनं पान अधूनमधून पिवळं पडत असेल तर मात्र काळजी नको, ते वयानं जातं.

प्रश्न: पानांची टोकं आणि कडा तपकिरी होऊन वाळताहेत. मातीवर पांढरी बुरशी आल्यासारखी दिसते. पाणी बोअरचं आहे. कूलरच्या टाकीतलं उरलेलं पाणीही वाया जाऊ नये म्हणून झाडांनाच घालतो. (छत्रपती संभाजीनगर)

पांढरं दिसतंय ते नखानं खरवडून पाहा. कडक, खडूसारखी भुकटी निघाली तर ते क्षार आहेत. कापसासारखं मऊ असेल तरच बुरशी. तुमच्या वर्णनावरून क्षारच वाटतात. गिझरच्या कॉइलवर जमतो तोच हा थर.

कूलरचं पाणी आजच बंद करा. कूलरमध्ये उडून जातं ते निव्वळ पाणी, क्षार टाकीतच राहतात. वरून आपण रोज नवं बोअरचं पाणी भरतो, त्यामुळे टाकीतलं पाणी मूळ पाण्यापेक्षा कितीतरी खारं होतं. आरओ मशीनमधून वाया जाणाऱ्या पाण्याचंही तेच. पाणी रात्रभर उघडं ठेवल्यानं क्लोरीन उडतं, क्षार जात नाहीत.

वरची अर्धा इंच माती खरवडून तेवढं नवं मिश्रण टाका. मग कुंडी मोरीत ठेवून तिच्या मापाच्या दुप्पट पाणी, म्हणजे सहा इंची कुंडीला साधारण चार लिटर, हळूहळू ओतून निथळू द्या. यासाठी पावसाचं पाणी किंवा एसीच्या नळीचं पाणी सगळ्यात चांगलं. नाइलाजानं नेहमी बोअरचंच पाणी द्यावं लागत असेल तर दर दोन महिन्यांनी अशी धुलाई करा. निचरा चांगला असेल तरच. नाहीतर वरच्या प्रश्नातली अडचण उभी राहील. वाळलेल्या कडा परत हिरव्या होत नाहीत, नवीन पानं स्वच्छ येतात का ते पाहा.

कूलरची ओलसर हवा झाडाला मानवते, फक्त झोत थेट पानांवर नको.

प्रश्न: वेल आठ फूट लांब झालाय, पण बुडाशी नुसती दांडी आहे आणि टोकाकडची पानं लहान होत चालली आहेत. (नांदेड)

मनीप्लांट मुळात झाडांवर चढणारा वेल, पॅसिफिकमधल्या मोरेआ बेटावरचा. चढायला आधार मिळाला की पानं मोठी होतात, लोंबकळत राहिला की लहान. त्यात उजेड कमी असेल तर दोन पानांतलं अंतर वाढतं आणि पानावरचे पिवळे-पांढरे पट्टेही विरतात.

कुंडी पूर्वेच्या खिडकीजवळ न्या. पश्चिमेची खिडकी एप्रिल-मेमध्ये टाळा, तिथे पानं भाजतात. पावसाळा लागला की बुडापासून सात-आठ इंचावर, पेराच्या, म्हणजे पान जिथून फुटतं त्या सांध्याच्या, किंचित वर छाटा. खालच्या डोळ्यातून नवा फुटवा येतो. छाटलेल्या वेलाचे तुकडे करा, प्रत्येकात किमान एक पेर आणि एक पान हवं. पेराजवळ तपकिरी बोंड दिसतं, मूळ तिथूनच निघतं. पेर नसलेली दांडी कितीही दिवस पाण्यात ठेवली तरी तिचा वेल होत नाही. रंगीत काचेच्या बाटलीत पेर बुडेल आणि पान वर राहील असं ठेवा, पाणी आठवड्यानं बदला. मुळं दोन-तीन इंच झाली की सगळे तुकडे त्याच कुंडीत बुडाशी लावा, उघडी जागा भरून निघते.

प्रश्न: देठांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके आणि पानांवर चिकटपणा. (जालना)

पिठ्या ढेकूण. कुंडी आधी बाकीच्या झाडांपासून लांब ठेवा. मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये कापूस बुडवून प्रत्येक पुंजका पुसून काढा. मग लिटरभर पाण्यात ५ मिली निंबोळी तेल आणि १-२ मिली लिक्विड साबण घुसळून संध्याकाळी फवारा, पानांच्या मागेसुद्धा. आठवड्याच्या अंतरानं तीनदा करावं लागतं, कारण पहिल्या फवारणीत अंडी वाचतात.

प्रश्न: घरात रांगतं बाळ आणि मांजर आहे. मनीप्लांट ठेवावा का? (परभणी)

हात पोचणार नाही असा टांगता येत असेल तरच ठेवा, आणि वेल खाली लोंबू देऊ नका. मनीप्लांट अळूच्या कुळातला. अळू खाजतं ते ज्या कॅल्शियम ऑक्झलेटच्या सुईसारख्या स्फटिकांमुळे, तेच याच्या पानात आणि देठात असतात. चावल्यास तोंडाची आग होते, लाळ गळते, उलटीही होऊ शकते. बाळाच्या तोंडातले तुकडे काढा, ओल्या फडक्यानं तोंड पुसा, थोडं गार पाणी पाजा. ओठ किंवा जीभ सुजली, गिळायला अथवा श्वासाला त्रास झाला तर लगेच दवाखाना गाठा. मांजरीनं खाल्लं तर जनावरांच्या डॉक्टरांना दाखवा. छाटणी करतानाही रसानं हात खाजतात, काम झालं की साबणानं धुवा आणि तोवर बाळाला उचलून घेऊ नका.