आजीचा साबुदाणा आणि साधूंची बिअर

चिनू,

परवा जेवताना तू विचारलंस, "आजी एकादशीला साबुदाण्याची खिचडी खाते तरी तो उपवास. इथले साधू उपवासात बिअर प्यायचे, मग तिलाच आजी दारू का म्हणते?" आजीने ताट सरकवलं, मी विषय बदलला. पण म्युनिकमध्ये सोळा वर्षं पूर्ण झाली की दुकानात बिअर मिळते, आणि तुला सोळा पूर्ण झाली आहेत.

साधूंची गोष्ट खरी आहे. इथल्या पाउलानर मठात ईस्टरआधीच्या चाळीस दिवसांच्या उपवासात घट्ट, कडक बिअर चालायची. एकादशी, दुप्पट खाशी! बिअरला 'पातळ पाव' म्हणतात ते उगीच नाही.

बिअरमधलं धान्य म्हणजे आजीच्या डब्यातला सातूच. तो भिजवायचा, मोड आणायचे, वाळवायचा. नाचणीचं सत्त्व आपण असंच करतो. पुढे मात्र वाटा फुटतात. गरम पाण्यात गोड रस उतरला की चोथा गाळून काढतात. धान्यातली बरीचशी प्रथिनं त्या चोथ्यात राहतात आणि तो जातो गुरांना. म्हणजे सकस भाग गोठ्यात! उरलेल्या रसातली साखर यीस्ट खातं आणि तिचं अल्कोहोल होतं.

अर्ध्या लिटरच्या ग्लासात साधारण २०० कॅलरी. त्यातल्या निम्म्याहून जास्त अल्कोहोलच्या, कारण एका ग्रॅमला ७ कॅलरी. प्रथिनं जेमतेम २ ग्रॅम; एका अंड्यात ६ असतात. थोडी ब जीवनसत्त्वं आहेत, तेवढ्यासाठी उसळ खा. शिवाय शरीर अल्कोहोल साठवू शकत नाही, आधी ते जाळतं आणि चरबी तशीच राहते. खालच्या मजल्यावरच्या काकांचं पोट बघ.

आता आजीचं. ती लालबागच्या चाळीत वाढली. पगाराच्या दिवशी तिची आई जिन्यात उभी असायची, नवरा गिरणीतून सरळ घरी येतोय की गुत्त्याकडे वळतोय ते बघत. त्या जिन्यात बिअर वेगळी, देशी वेगळी असं कुणी मोजत नव्हतं. महाराष्ट्रात अजूनही बिअरला वय एकवीस लागतं, व्हिस्की-रमसारख्या कडक दारूला पंचवीस. पुण्याला मामाकडे गेलीस की हे ध्यानात ठेव.

उद्या एकादशी आहे. खिचडीत आजी दाण्याचं कूट आणि तूप सढळ हाताने घालते. त्याच्या कॅलरी तिला विचारू नकोस.

– आई