वेचणीची वही आईकडे परत द्या

टोरांटोहून एका ताईंनी लिहिलंय. त्यांची आई यवतमाळ जिल्ह्यातल्या गावी असते. स्तनाच्या कॅन्सरचं ऑपरेशन झालं, किमो झाले, रेडिएशनचे शेक झाले. आता सगळं ठीक आहे, असं डॉक्टर म्हणतात. पण व्हिडिओ कॉलवर आई ‘मी बरी हाओ, कायजी नोको करू’ एवढंच म्हणते आणि फोन भावाच्या हातात देते. पूर्वी कापूसवेचणीचा हिशेब तिच्याकडे असायचा, आता तिला कुणी कशाला हात लावू देत नाही. ‘इतकं जपतो, तरी ती मिटत का चाललीय?’

ताई, माझ्या आईच्या वेळी मीही असंच जपलं होतं. उपचार चालू होते तोवर घर माणसांनी भरलेलं असायचं. शेवटचा शेक झाला, सगळे आपापल्या कामाला लागले आणि आई नेमकी तेव्हाच खचली. आम्ही तिला ओसरीवरच्या खाटेवरून उठू देत नव्हतो. एक दिवस म्हणाली, ‘आता मी पाहुणी हाओ काय या घरात?’ ते अजून कानात आहे.

म्हणून भावाला सांगा, वही आईला दे. संध्याकाळी बाया गाठोडी घेऊन येतात, काट्यावर वजन होतं, कुणाचे किती किलो ते नावापुढे मांडायचं. हे काम बसल्या जागी होतं, आणि त्या निमित्तानं चार बाया तिच्याशी बोलतात. उपचारानंतरचा थकवा कित्येक महिने राहू शकतो, पण नुसतं पडून राहून तो जात नाही. सकाळी ऊन चढायच्या आत बांधापर्यंत फेरी, जमेल तशी वाढवत न्यावी.

प्रत्यक्ष वेचणीचं मात्र जपून. काखेतल्या गाठी काढल्या असतील, तर त्या बाजूचा हात पुढे कित्येक वर्षांनीही सुजू शकतो. वाळलेल्या बोंडाची टोकं बोटांत घुसतात, तिथून जंतू शिरतात. शेतात जायचंच असेल तर हातमोजे हवेत. खरचटलं तर लगेच साबणानं धुवायचं. हात लाल, गरम झाला किंवा ताप आला, तर त्याच दिवशी डॉक्टर. माझ्या आईची सूज आधी बांगडीनं सांगितली. दोन्ही हातांत एकाच मापाच्या बांगड्या, त्यातली डावीकडची रुतायला लागली. कॉलवर आईला दोन्ही हात शेजारी शेजारी धरायला सांगा, तुम्हाला तिथूनही फरक दिसेल. पण भीतीपोटी हात बांधल्यासारखा ठेवू नका. शिकवलेले खांद्याचे व्यायाम रोज व्हायलाच हवेत.

रोजची हार्मोनची गोळी दिली असेल, तर ती पाच वर्षं, कधी दहा वर्षंही चालते. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून किंवा कुणी झाडपाला दिला म्हणून ती बंद होत नाही ना, ते विचारा.

तुम्ही प्रोटीनचे डबे पाठवता, ते मनापासूनच. पण घरात ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंडी, दही असतंच. ते पैसे तपासणीच्या दिवशीच्या गाडीला द्या. नागपूरला जायच्या आधी आठ-आठ दिवस झोप लागत नाही, ‘पुन्हा निघालं तर’ हेच डोक्यात. ‘काही होत नाही’ म्हणून तिला गप्प करू नका. भीती वाटते का, असं सरळ विचारा आणि ती बोलेल तेवढं ऐका. खाणं-झोप उडाली, सारखं रडू येत असेल, तर डॉक्टरांना सांगायला हवं. १४४१६ या टेलिमानसच्या, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य सेवेच्या, मोफत नंबरवर मराठीतही बोलता येतं.

आणखी एक. घरात किंवा शेजारी तिचा पेला वेगळा ठेवतात का, तेही बघा. कॅन्सर स्पर्शानं, उष्ट्यानं लागत नाही. भावाच्या लेकरांनी तिच्या ताटात जेवावं.

या रविवारी आधी भावाशी बोला. मग आईला फोन लावा आणि रिपोर्टचं काही न काढता विचारा, यंदा वेचणीची मजुरी किलोमागे काय ठरली.