तेवीस तुकडे आणि सोळा गुणसूत्रे

प्रश्न : जिलबीच्या आंबवलेल्या पिठातून आम्ही यीस्ट वेगळे केले आणि त्याच्या डीएनएचे नॅनोपोर यंत्रावर (डीएनएचे लांब धागे सलग वाचणाऱ्या यंत्रावर) दीर्घ वाचन करून घेतले. यीस्टला सोळा गुणसूत्रे असतात, पण आमच्या जुळणीत, म्हणजे वाचने एकमेकांना जोडून सलग क्रम बनवताना, तेवीस तुकडे आले. कोठे चुकले?
– एक प्राध्यापिका, इंदूर

उत्तर : सोळा हा आकडा सॅकरोमायसिस सेरेव्हिसी या जातीचा आहे. क्लुइव्हेरोमायसिस लॅक्टिसला सहाच गुणसूत्रे असतात, आणि जिलबीच्या पिठात एकच जात नांदते असे नाही. म्हणून आधी जातीची खात्री करावी. आपले यीस्ट सेरेव्हिसीच निघाले, तर तेवीस तुकडे ही लाजिरवाणी गोष्ट नव्हे. डीएनएची दीडशेच अक्षरे (ए, टी, जी, सी) एका वेळी वाचणाऱ्या लघुवाचनांतून शेकडो तुकडे हाती येतात, कारण टीवाय नावाचे सुमारे सहा हजार अक्षरांचे घटक जीनोममध्ये, म्हणजे यीस्टच्या संपूर्ण डीएनएमध्ये, अनेक ठिकाणी जवळजवळ सारखेच असतात, आणि त्यांतले लघुवाचन नेमके कोणत्या जागेचे, हे सांगता येत नाही.

आता आपले तुकडे तपासू. सुमारे ८५ हजार अक्षरांचा आणि ए व टी यांनी गच्च भरलेला तुकडा आढळला, तर तो मायटोकॉन्ड्रियाचा (पेशीला ऊर्जा देणाऱ्या घटकाच्या स्वतःच्या डीएनएचा) समजून बाजूला ठेवावा. खरी अडचण बाराव्या गुणसूत्रावर असते. तेथे रायबोसोमच्या आरएनएची जनुके असलेला सुमारे ९,१०० अक्षरांचा एकच खंड शंभर ते दोनशे वेळा पाठोपाठ येतो. तो पट्टा दहा लाख अक्षरांच्या आसपास किंवा त्याहूनही लांब असल्याने नेहमीचे वाचन तो ओलांडू शकत नाही. म्हणून तेथे जुळणी तुटते, किंवा सगळे खंड थोडक्यात दडपले जाऊन त्या जागी वाचनांची संख्या एकाएकी वाढलेली दिसते. असे गुणसूत्र एका तुकड्यात आले, तर मी आनंद न मानता संशय घेईन.

उरलेले जादा तुकडे बहुधा यीस्ट द्विगुणित, म्हणजे प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असलेले, असल्याने आले असावेत, कारण गुणसूत्रांच्या दोन प्रतींत जेथे फरक असतो, तेथे दोन्ही प्रती वेगळ्या जुळतात. बीजाणू धरवून त्यांपैकी एकाच बीजाणूपासून वाढवलेला एकगुणित (एकच प्रत असलेला) वाण घेतल्यास हा गोंधळ टळतो, मात्र तो वाण स्वतःशीच संकर करून पुन्हा द्विगुणित झालेला नाही, हे पाहावे. डीएनए काढताना नळी जोराने हलवू नये आणि पिपेटला रुंद तोंडाची टोके वापरावीत, नाहीतर लांब धागे तेथेच तुटतात व यंत्राकडे लांब वाचनाची आशा करणे व्यर्थ ठरते.

शेवटी प्रत्येक तुकड्याची दोन्ही टोके पाहावीत. एका टोकाला टी आणि जी यांची अनियमित पुनरावृत्ती आणि दुसऱ्या टोकाला तिचीच पूरक, म्हणजे सी आणि ए यांची, असेल, तरच गुणसूत्र टोकापासून टोकापर्यंत जुळले असे म्हणता येईल.