आधीचे सगळे सिनेमे बघूनच नवा बघायचा का?

प्रश्न असा आहे: 'एका सिनेमातली पात्रं दुसऱ्यात येतात असे हिंदी सिनेमे बघायचेत. आधीचे सगळे बघावेच लागतात का? सुरुवात कुठून करू?'

नाही लागत. आणि ज्या सिनेमाला लागतात, त्याच्या लेखकानं काम अर्धवट सोडलंय, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑगस्ट २०२४ मध्ये 'स्त्री २' लागला तेव्हा मी आईला घेऊन गेले होते, दादाही होता. आम्ही सोलापूरचे, पूर्व भागातले. आईनं आयुष्यभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, हातात कात्री आणि तोंडानं गोष्ट चालू. आम्ही भावंडं शेजारी बसून विड्यांची तोंडं मिटायचो. तर थिएटरात शेवटी सरकट्याशी, म्हणजे त्यातल्या मुंडकं नसलेल्या भुताशी भिडायला लांडगा आला, शिट्ट्या सुरू झाल्या. आईनं विचारलं, "हे लांडगं कुठनं आलं गं?" तो २०२२ च्या 'भेडिया'तला भास्कर. मी सांगायच्या आत दादा म्हणाला, "आधीचं बघितल्याशिवाय कळत नसतंय. हिला कशाला आणलीस?" घरी येईपर्यंत आई एक शब्द बोलली नाही.

हीच आई दर गणेश चतुर्थीला आम्हाला स्यमंतक मण्याची गोष्ट सांगायची. कृष्ण मणी शोधत गुहेत शिरतो आणि समोर जांबवंत. म्हणजे रामायणातलं पात्र थेट कृष्णाच्या गोष्टीत! पण झुंज सुरू करण्याआधी आई सांगायची, "लंकेला उडी मारायच्या वेळी हनुमंताला त्याची ताकद ज्यानं आठवून दिली, ते हे अस्वल." बास. मग अठ्ठावीस दिवसांची झुंज, आणि शेवटी हा आपलाच राम आहे हे ओळखून जांबवंत मणी देतो, लेक जांबवतीही देतो. रामायण ठाऊक नसलेल्या पोरालाही सगळं कळायचं. ज्याला ठाऊक होतं त्याच्या अंगावर काटा यायचा. तेवढं एक वाक्य लिहायला पटकथा लिहिणाऱ्याचं काय जातं?

'पठाण'मध्ये (२०२३) रेल्वेत सलमान खानचा टायगर येतो, ते जमलंय. अडकलेल्या माणसाला सोडवायला त्याचा दोस्त आला, एवढं कुणालाही दिसतं. 'सूर्यवंशी'त शेवटी आधीच्या सिनेमांतले पोलीस सिंघम आणि सिंबा येतात, ते मला निव्वळ टाळ्यांसाठी वाटलं.

तुम्ही 'मुंज्या'पासून सुरू करा. कोकणातली गोष्ट आहे, मुंजा म्हणजे काय हे आपल्याला कुणी समजावावं लागत नाही. मग 'स्त्री', 'भेडिया', 'स्त्री २'.

मार्व्हलच्या अमेरिकी सुपरहिरो सिनेमांचं मात्र वेगळं. 'एंडगेम' हा त्यांचा बाविसावा सिनेमा, तो एकदम बघू नका. तिथं दादाचं बरोबर आहे, हे मी त्याला तेव्हाही म्हटलं होतं.

नंतर दिवाळीत घरीच 'मुंज्या' लावला. आईनं सगळा बघितला, मध्ये एकदाही काही विचारलं नाही. शेवटी नावं पडायला लागली आणि भास्कर आला. दादाच्या मुलीनं विचारलं, "आज्जी, हा कोण?"

"लांडगा होतंय बघ हे पोरगं," आई म्हणाली. "त्या मुंडकं नसलेल्याशी भांडायला आलतं, ते." दादा तिथंच बसला होता.