शल्लकीने गुडघ्याचा संधिवात खरंच कमी होतो का? याची कधी नीट टेस्ट झालीय का?

झालीय की, आणि तीही आपल्याकडेच. शल्लकी म्हणजे सालईच्या झाडाचा डिंक, त्यावर नागपूरच्या डॉक्टरांनी केलेली एक ट्रायल २००३ साली छापून आली होती. गुडघ्याची झीज असलेले ३० पेशंट, निम्म्यांना शल्लकीच्या कॅप्सूल आणि निम्म्यांना खोट्या (आत औषधच नाही अशा), असं ८ आठवडे, मग मधे थोडा गॅप देऊन अदलाबदल. दुखणं कमी झालं, गुडघा जास्त वाकायला लागला, चालायचं अंतर वाढलं. एक्सरेमधे मात्र काही फरक नाही! म्हणजे आराम पडला पण झिजलेला सांधा काही भरून आला नाही, आणि जाहिरातवाले नेमकं हेच गाळतात. शिवाय ३० पेशंट म्हणजे तसा किरकोळच आकडा.

खोटी कॅप्सूल कशाला लागते विचाराल तर बघा, आपण औषध सुरू कधी करतो, दुखणं अगदी डोक्यावरून पाणी गेल्यावर ना, आणि गुडघेदुखी तर चढते उतरते, महिन्याभरात ती तशीही जरा उतरलीच असती, पण श्रेय जातं त्या वेळी हाताशी असलेल्या डबीला. त्यात शल्लकीला धुपासारखा वास, त्यामुळे खोटी कॅप्सूल ओळखू न येईल अशी बनवणं हेच मोठं काम.

आणि हो, आपण सरसकट सगळ्यालाच संधिवात म्हणतो. सकाळी तासभर बोटं आखडलेली राहत असतील, दोन्ही हातांचे छोटे सांधे सुजत असतील तर तो आमवात (रुमेटॉइड आर्थ्रायटिस) असू शकतो, तिथे आधी रक्त तपासा आणि डॉक्टरांना दाखवा. शल्लकीवर महिने घालवलेत तर तोवर सांधे कायमचे वाकडे होऊ शकतात.

आमच्या आईला सुरू केली तेव्हा मी वहीत रोज रात्री दुखण्याला १० पैकी मार्क लिहून घ्यायचो. तीन आठवड्यांत ७ वरून ४ वर आली, मी खूश, दोघा-तिघांना घ्या म्हणून सांगूनही मोकळा झालो. मग एकदा चष्मा शोधताना तिच्या उशीखाली पेनकिलरची अर्धी संपलेली स्ट्रिप सापडली. ट्रायलमधे पेनकिलरच्या गोळ्या मोजतात त्या का, हे मला तेव्हा कळलं. आता वहीत तो पण एक रकाना आहे.