पाश्चात्त्य नोटेशनमधल्या ३/४ आणि ६/८ या तालाच्या आकड्यांत नेमका फरक काय? दोन्हींच्या एका बारमध्ये (तालाच्या एका फेऱ्यात) क्वेव्हर नावाच्या नोटा सहाच येतात ना?

येतात सहाच, आणि फरक तरीही आहे. मुलीच्या पियानोच्या सरांनी 'फील वेगळा असतो' एवढं सांगून विषय संपवला, असं तुम्ही लिहिलंय. सर चुकले नाहीत, पण परीक्षा महिन्यावर आलेल्या दहा वर्षांच्या पोरीला त्याचा उपयोग शून्य. मी एरवी इथे नुसता वाचत असतो. पण तुमच्या प्रश्नाखाली एका गृहस्थांनी 'खालचा आकडा म्हणजे स्पीड, चार म्हणजे स्लो, आठ म्हणजे फास्ट' असं ठोकून दिलंय, आणि याच वाक्यापायी एकदा चर्चमध्ये चाळीस माणसांसमोर माझी शोभा झालेली आहे.

मी तबलावाला. विशारदपर्यंतच्या परीक्षा दिल्या, मग नोकरी सांभाळून विरार-वसई पट्ट्यात ऑर्केस्ट्रा, भजनं, साखरपुडे, मिळेल ते वाजवलं. एका वर्षी वसईतल्या एका चर्चच्या क्वायरला नाताळासाठी तबलजी हवा होता. बाहेरच्यांना हे ठाऊक नसतं, पण वसईत उपासना मराठीत होते, गीतं मराठी, साथीला तबला-ढोलकी असते. लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत उपासना करायला दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (१९६२-६५) मोकळीक दिली, त्यानंतरची ही वाट.

क्वायर चालवणाऱ्या बाई निवृत्त शिक्षिका, सगळे त्यांना टीचरच म्हणत. त्यांनी मला पाच रेघांच्या कागदाची झेरॉक्स दिली. सुरुवातीला ६/८. त्याच्या वर एक काळी नोट, बरोबरचं चिन्ह आणि ६०. नोटेच्या शेजारी एक ठिपका होता. तो मी झेरॉक्सचा डाग समजलो.

घरी आल्यावर आमच्या ऑर्केस्ट्रातल्या कीबोर्डवाल्याला फोन केला. तो म्हणाला, "सहा मात्रा म्हणजे दादरा, त्यात काय विचारतोस? खालचा आठ स्पीडसाठी असतो, पण साठ लिहिलंय ना, मग हे स्लोच असणार." मी तालयंत्रावर दादरा लावला, साठवर. एक मात्रा एक सेकंद. चार रात्री बसून त्या संथ दादऱ्यात काय काय भरलं म्हणून सांगू! मधल्या जागांत तिरकिट, शेवटी छोटी तिहाई, आणि आपण चर्चमध्ये काहीतरी दाखवणार असा तोरा.

तालमीला टीचरचा हात खाली आला आणि मी 'धा' मारला. माझ्या पुढच्या आवर्तनाचा पहिला 'धा' येईपर्यंत क्वायरचे तीन बार होऊन गेले होते. मागच्या रांगेतली पोरं हसायला लागली. मला वाटलं तेच पळतायत, म्हणून मी आणखी ठासून वाजवलं. शेवटी टीचर माझ्यापाशी आल्या, कागदावर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, सहा नका मोजू, दोन मोजा. आणि हा डाग नाहीये, दीड आहे."

विशारद झालेल्या माणसाला दीड शिकवायची वेळ आली. आड लय, म्हणजे दीडपट लय, मी दहाव्या वर्षापासून वाजवतोय!

हा सगळा हिशेब मराठी माणसाला खरं तर घरचा आहे. तुमच्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे अपूर्णांकांचे पाढे पाठ असणार. क्रॉचेट ही काळी नोट म्हणजे एक धरा. क्वेव्हर त्याची निमकी, सेमिक्वेव्हर पावकी. मिनिम दोन, सेमिब्रीव्ह चार. नोटेपुढे ठिपका आला की तिच्याच निम्म्याची भर. म्हणजे ठिपक्याचा क्रॉचेट दीड, ठिपक्याचा क्वेव्हर पाऊण, ठिपक्याचा मिनिम तीन. दोन ठिपके दिले तर निम्मं आणि वर पाव, म्हणजे क्रॉचेट पावणेदोन. मुलीच्या पुस्तकात ही ब्रिटिश नावं असतील आणि यूट्यूबवर क्वार्टर नोट, हाफ नोट ही अमेरिकन. वस्तू एकच, क्वार्टर म्हणजे क्रॉचेट. तो चतुर्थांश सेमिब्रीव्हचा असतो, बारचा नव्हे. त्यामुळे ३/४ च्या बारमध्ये तीनच चतुर्थांश बसले म्हणून बार अपुरा राहत नाही. हा अपूर्णांकच नाही, मधली रेघ सुद्धा आपण टाईप करताना घालतो, छापील नोटेशनमध्ये नुसता आकड्यावर आकडा असतो.

आता तुमचा खरा प्रश्न. ३/४ म्हणजे बारमध्ये तीन ठोके, प्रत्येक ठोका एका क्रॉचेटचा, आणि तो दोन क्वेव्हरमध्ये फुटतो. ६/८ म्हणजे दोन ठोके, प्रत्येक ठोका दिडाचा, आणि तो तीन क्वेव्हरमध्ये फुटतो. मग वर सरळ दोनच का लिहीत नाहीत? कारण खाली लिहायला आकडा नाही. सेमिब्रीव्ह निम्मा निम्मा करत गेलं की २, ४, ८, १६ मिळतात. दीड त्या माळेत कुठेच बसत नाही. म्हणून ठोक्यांऐवजी त्यांचे तुकडे मोजून सहा लिहितात आणि वाचणाऱ्याने तीन-तीनचे गट करायचे असतात. ९/८ मध्ये तसेच तीन ठोके, १२/८ मध्ये चार. कार्ल ओर्फ या जर्मन संगीतकाराने खालच्या आकड्याच्या जागी नोटच काढायची पद्धत सुचवली होती. ती रुळली असती तर माझी अब्रू वाचली असती.

मुलीला हे गणित सांगू नका. आधी तोंडाने म्हणायला लावा. "आजोबा आजोबा", दर 'आ'वर टाळी, हे ६/८. "आई ताई माई", दर शब्दाच्या पहिल्या अक्षरावर टाळी, हे ३/४. अक्षरं दोन्हींत सहा, अक्षरांचा वेगही तोच ठेवायचा, टाळ्या एकदा दोन आणि एकदा तीन. दोन्ही पाठोपाठ म्हणता आलं की पुस्तक उघडा. पुस्तकातही तेच दिसेल, क्वेव्हरांच्या शेपट्या ६/८ मध्ये तीन-तीनच्या जोडलेल्या असतात. ३/४ मध्ये दोन-दोनच्या, कधी सहाही एका आडव्या रेघेखाली, पण तीन-तीनचे दोन गट करत नाहीत.

आणि स्पीडबद्दल. खालच्या आठाचा वेगाशी काडीचा संबंध नाही. एकच चाल ३/४ मध्ये क्रॉचेट बरोबर ६० धरून लिहा किंवा ३/८ मध्ये क्वेव्हर बरोबर ६० धरून लिहा, कानाला सेकंदाचाही फरक कळणार नाही. वेग सांगतो तो वरचा ६०, आणि तो कोणत्या नोटेचा हे पाहायचं. माझ्या कागदावर दिडाचे मिनिटाला साठ होते, म्हणजे अख्खा बार दोन सेकंदांचा. मी क्वेव्हरला साठ दिले आणि तोच बार सहा सेकंदांचा केला. तीन मिनिटांचं गीत नऊ मिनिटं चाललं असतं.

कीबोर्डवाल्याला हे दुसऱ्या दिवशी सांगितलं, तर उत्तर काय? "तबलजीला कागद कशाला लागतो? हे साहेबांचं खूळ. आपल्याकडे सगळं कानावर." आमचं हे भांडण आजतागायत चालू आहे. अरे, हिंदी सिनेमाच्या ऑर्केस्ट्रात व्हायोलिनची फौज एका दमात एकसारखी वाजायची ती कानावर? गोव्यातल्या चर्चच्या शाळांत पोरवयात नोटेशन शिकून आलेले ते वादक समोरचा कागद वाचत. लक्ष्मीकांत-प्यारेलाल जोडीतल्या प्यारेलालजींना व्हायोलिन शिकवलं ते अँथनी गोन्साल्विस यांनी, तेही गोव्याचेच. आणि 'आपल्याकडे' म्हणाल तर विष्णु दिगंबर पलुस्करांच्या स्वरलिपीत स्वराखाली त्याच्या लांबीची खूण असते, अर्ध्या मात्रेची वेगळी, पाव मात्रेची वेगळी. हे नोटेच्या किमतीपेक्षा निराळं काय आहे? भातखंडे पद्धतीत एका मात्रेतले स्वर खालून कंसाने बांधतात. कंसात दोन असले तर निमकी, चार असले तर पावकी. दोघांनाही लिहावंसं वाटलं, यालाच कागद नको.

तुम्ही पियानो शिकवणारे सर बदलायचा विचार करताय, तर माझं मत असं की 'हे पुढे आपोआप कळेल' म्हणणाऱ्यापाशी एक दिवस थांबू नका. पंधरा वर्षं वाजवूनही मला आपोआप कळलं नव्हतं.

दोन गोष्टी राहिल्या. फार संथ ६/८ खरंच सहा मोजून वाजवतात, त्यामुळे 'नेहमी दोन' असं मुलीने परीक्षेत लिहू नये. आणि ६/८ म्हणजे दादरा असं मीही शिकवताना म्हणतो, पण ते सोयीपुरतं. दादऱ्याच्या चौथ्या मात्रेला 'खाली', म्हणजे टाळीऐवजी हात उलटून दाखवायची मोकळी जागा, असते, ६/८ च्या दुसऱ्या ठोक्याला तसलं काही नाही, तो नुसता पहिल्यापेक्षा हलका. झपताल, रूपक या तालांना टाइम सिग्नेचरमध्ये, म्हणजे असल्या वरखालच्या आकड्यांत, कोंबायला तर जाऊच नका. आणि हो, माझ्या गुरुजींना नोटेशनचं अक्षर वाचता येत नव्हतं आणि त्यांच्या लयीच्या जवळपास मी या जन्मी जाणार नाही. हे कीबोर्डवाल्याला कळता कामा नये.

बाकी खालचं ते 'आठ म्हणजे फास्ट' उत्तर पुन्हा वाचलं. प्रोफाइलवर 'कीबोर्ड, विरार' असं आहे. भाऊ, तूच असशील तर माझं तालयंत्र अजून तुझ्याकडे आहे.